नॉरफोकच्या जहागिरीत एक तिहाई

गवयाच्या मुलाने पळावयाचे ठरविले असे ऐकले, की आमच्या दांडिया बाजारात पहिला प्रश्न येतो, "मास्तर, मागे कोण लागले आहे?" नुसते पळण्यापुरते असते तर एक वेळ निभावले असते. पण आधी एकोणीसशे मीटर पोहावयाचे, मग नव्वद किलोमीटर सायकल हाणावयाची, तीवरून उतरून एकवीस किलोमीटर पळावयाचे, आणि हे सारे एकाच दिवशी, मध्ये बैठक न मारता, साहेबाच्या देशातील एका उमरावाच्या बागेत जाऊन करावयाचे, असे सांगितल्यावर हसणारेही गप्प झाले. पेटीवर बोटे फिरविणाऱ्या मनुष्याला हे कोणी सुचविले, याची त्यांना काळजी वाटू लागली.

२०२२ सालच्या जुलै महिन्यात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ती शर्यत मी पुरी केली. परत आल्यावर मंडळींनी जे प्रश्न विचारले, त्यांतले निम्मे माझ्याविषयी होते आणि निम्मे त्या उमरावाविषयी. राजवाड्याच्या सावलीत वाढलेल्या गावाचा हा स्वभावच आहे. तेव्हा दोन्हींची उत्तरे एकदमच देऊन टाकतो.

तीन अंगांचा खेळ

या खेळाला ट्रायॲथलॉन म्हणतात. पोहणे, सायकल आणि धावणे ही त्याची तीन अंगे. खेळ तसा कोवळाच आहे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन डिएगो शहरी, मिशन बे नावाच्या खाडीकाठी, तेथल्या धावपटूंच्या क्लबाने अशी पहिली शर्यत भरविली. ४६ जण उतरले होते. पुढे १९७८ साली हवाई बेटांत हिचा लांब पल्ला ठरला: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२ किलोमीटरांची मॅरेथॉन. पंधरा जण निघाले आणि बारा पोचले. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाला जागा मिळाली, पण तेथला पल्ला आखूड असतो. हवाईच्या पल्ल्याच्या निम्मा तो मध्यम पल्ला. एकूण ११३ किलोमीटर. असल्या शर्यतींना साधारण आठ-साडेआठ तासांची मुदत असते. तेवढ्यात पोचलात तर पोचलात.

'मध्यम' हा शब्द ऐकून मला मध्यलय आठवली आणि उगीचच धीर आला. खरे म्हणजे आपल्या लोकांना हा खेळ समजावून देण्यास तिहाईची उपमा पुरे आहे. एकच तुकडा तीनदा वाजवावयाचा आणि तिसऱ्याचा शेवटचा बोल बिनचूक समेवर आणावयाचा. पहिल्या तुकड्यात लय चढविली की तिसरा समेच्या आधीच येऊन उभा राहतो. पहिल्यात रेंगाळले की तिसऱ्याला सम निसटते. तबलजी हे हातांनी करतो, येथे सर्व देहाने करावे लागते, एवढाच फरक.

गळा राहिला, दम गेला

माझे वडील बडोदे सरकारच्या कलावंत कारखान्यात अगदी तरुणपणी लागले. नोकरी लागली आणि दोन वर्षांतच, १ मे १९४९ रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. उस्ताद फैयाज खाँसाहेब १९५० साली गेले. ज्या दरबारी गवयीपणासाठी वडिलांनी लहानपण घालविले, तो त्यांच्या हाती येता येताच संपला. मग शिकवण्या सुरू झाल्या. मी त्यांच्या बावन्नाव्या वर्षी झालो. मला आठवतात ते असेच: सकाळी आठापासून रात्री नवापर्यंत मांडी घालून बसलेले. बसून गाणे, बसून शिकविणे, बसून चहा. दारापर्यंत चालणे झाले तर ते एखाद्या बड्या शिष्याला पोचविण्यापुरते.

मधुमेहाने त्यांना हळूहळू खाल्ले. शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा सूर पूर्वीइतकाच सच्चा होता. षड्ज लावला की तंबोरा खजील व्हावा. पण अर्धी ओळ झाली की श्वास संपे. ते थांबत, माझ्याकडे पाहत, आणि उरलेली अर्धी ओळ मी म्हणावी अशी खूण करीत. एकाहत्तराव्या वर्षी ते गेले. गळा शाबूत होता, दम गेला होता. गवयाच्या घरी यापरते दुःख नाही.

मला अडतिसावे वर्ष लागले तेव्हा, म्हणजे २०१८ साली, रक्त तपासून आले. साखर उंबरठ्यावर येऊन उभी होती. डॉक्टरांनी विचारले, "मास्तर, दिवसातून चालता किती?" मी मनातल्या मनात हिशेब केला तो वर्गाच्या सतरंजीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा. दुसऱ्या दिवशी पहाटे कमाटीबागेत गेलो. पहिला महिना चाललो, दुसऱ्या महिन्यात जिवाच्या कराराने बँडस्टँडाभोवती एक फेरी पळालो. पुढचे वाढत गेले.

घरात विरोध झाला तो पळण्याला नव्हे, पोहण्याला. आमच्याकडे जुना दंडक असा, की गवयाने थंड पाण्यात बुडू नये आणि उघड्या तोंडाने वारा पिऊ नये. आई म्हणाली, "साखर औषधाने उतरेल. गळा बसला तर काय खाशील?" बोलणे खोटे नव्हते. शेतकऱ्याला जसे शेत, तसा आम्हांला गळा. चाळीस मुले सकाळ-संध्याकाळ माझ्या षड्जावर आपला षड्ज लावतात. तो हलला तर चूल हलली. घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन मी सरळ विचारले. ते म्हणाले, "थंडीपेक्षा कोरडेपणाची भीती धरा. पाणी पीत राहा, पळताना ओरडू नका, आणि पोहून आल्यावर तासभर गाऊ नका." हा सल्ला मी मंत्रासारखा पाळला.

बडोद्यातली तयारी

व्यायाम ही गोष्ट बडोद्याला परकी नाही, हे तरुण पिढीस सांगावे लागते. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली, तशीच या गावात जुम्मादादांची व्यायामशाळाही वाढली आणि प्रोफेसर माणिकरावांनी तिचे नाव देशभर नेले. आबासाहेब मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला तो याच गावात. गाणे आणि तालीम ही एकाच अंगणात खेळलेली भावंडे. मध्यंतरी त्यांचे बोलणे बंद झाले, इतकेच.

पोहणे लालबागेच्या तलावात शिकलो. वय एकोणचाळीस, आणि बाजूला कमरेला डबा बांधलेली सहा-सात वर्षांची पोरे. उघड्या पाण्याचा सराव हवा म्हणून कोणी आजव्याचे नाव काढले. पण आजव्याच्या सरोवरात मगरी आहेत आणि विश्वामित्रीत तर त्यांचे बिऱ्हाडच आहे. शर्यतीत वेग यावा म्हणून इतकी सोय नको, असे मी कळविले. सायकलीसाठी पावागडचा रस्ता आयताच होता. गडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत आले की नव्वद किलोमीटरांच्या वर हिशेब जातो. रविवारी पहाटे चारला निघावे आणि दहाच्या वर्गाला पेटीवर हजर व्हावे, असे दोन हिवाळे काढले. मधले २०२० साल टाळेबंदीत गेले. तलाव बंद, बाग बंद. तेव्हा गच्चीवर फेऱ्या मारल्या. खालचे बिऱ्हाडकरू सोशिक आहेत.

लेस्टरचा अर्ल लेस्टरात राहत नाही

माझी धाकटी बहीण इंग्लंडात लेस्टर शहरी असते. तिच्याकडे दोन महिने राहावयास जाणार होतो. मेहुण्यांना सायकलीचा नाद आहे. त्यांनीच शर्यत शोधली आणि स्वतःची सायकलही देऊ केली. शर्यतीचे नाव 'आउटलॉ हाफ', म्हणजे अर्धा दरवडेखोर! नॉटिंगहॅमकडचे हे नाव असल्याने ते रॉबिन हूडाचे नाते सांगते. आणि तिची जागा मात्र लेस्टरच्या अर्लची होकम जहागीर.

मला वाटले, लेस्टरचा अर्ल म्हणजे बहिणीच्या घराजवळच असेल. पण हे घराणे राहते शंभर मैल दूर, नॉरफोक परगण्यात, समुद्राकाठी. इंग्रजी किताबाचे आणि गावाचे नाते आमच्या दांडिया बाजारातल्या सातारकर-नाशिककरांसारखेच असावे. नाव एका गावचे आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावी.

जहागीर सुमारे २५,००० एकरांची. मधोमध होकम हॉल हा प्रासाद. थॉमस कोक याने तो १७३४ साली बांधावयास घेतला. (हे आडनाव लिहितात 'कोक' आणि उच्चारतात 'कुक'.) हा गृहस्थ तरुणपणी सहा वर्षे युरोपभर हिंडून चित्रे, पुतळे आणि हस्तलिखिते गोळा करीत होता. १७२० सालच्या साउथ सी कंपनीच्या सट्ट्यात त्याचे पुष्कळ पैसे बुडाले, म्हणून घर बांधणे लांबले. काम पुरे झाले १७६४ साली. तोवर त्याला जाऊन पाच वर्षे झाली होती. उरलेले काम त्याच्या विधवा पत्नीने तडीस नेले. बाहेरून वाडा तसा साधा, पिवळसर विटांचा. लक्ष्मीविलासच्या मनोऱ्यांची आणि कमानींची सवय असलेल्या माझ्या डोळ्यांना तो प्रथम एखाद्या मोठ्या कचेरीसारखा वाटला. पण तळ्याच्या पलीकडून पाहिला तेव्हा त्याची प्रमाणे कळली. साथीवाचून लावलेल्या स्वच्छ षड्ज-पंचमासारखा तो उभा होता.

त्याच्याच वारसांत पुढे दुसरा थॉमस कोक झाला, १७५४ ते १८४२ हा त्याचा काळ. त्याने शेतीला वाहून घेतले. गहू, सलगम, सातू आणि क्लोव्हर अशी चार पिकांची पाळी त्याने आपल्या कुळांत रुजविली. मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या निमित्ताने तो दरवर्षी मेळावा भरवी आणि दूरदूरचे शेतकरी ते प्रयोग पाहावयास येत. तो गेल्यावर वर्गणी जमवून त्याचा स्तंभ उभारला. राजेरजवाड्यांच्या स्मारकांवर तोफा आणि सिंह पाहण्याची आपल्याला सवय. या स्तंभाच्या चार कोपऱ्यांवर आहेत बैल, मेंढ्या, नांगर आणि पाभर, आणि माथ्यावर गव्हाची पेंढी. पाभर पाहून मला तो उमराव एकदम देशावरचा वाटला.

दादऱ्यात पोहणे

शर्यतीच्या दिवशी पहाटे पाचाला आम्ही बागेत पोचलो. गवतावर शेकडो सायकली लोखंडी दांड्यांना टांगलेल्या. पलीकडच्या उतारावर हरणांचा कळप, आपल्या घरी इतके पाहुणे का आले या विचारात. घोट्याला वेळ मोजणारी चकती बांधली, रबरी पोशाख चढविला. तो चढविणे हे पैठणी ट्रंकेत कोंबण्याहून कठीण काम आहे; मेहुण्यांनी मागून ओढले तेव्हा जमले.

होकमचे तळे मैलभर लांब आहे. पूर्वी तेथे भरती-ओहोटीच्या खाडीचा फाटा आत येत असे. तो अडवून हे तळे झाले. काठी उभा असता मला एक गोष्ट आठवत होती. लिओनार्दो दा विंचीने पाण्याच्या हालचालींवर लिहिलेली बहात्तर पानांची वही, उजवीकडून डावीकडे उलट्या अक्षरांत लिहिलेली, पहिल्या थॉमस कोकने विकत घेऊन आणली होती आणि ती १९८० सालापर्यंत या घराण्याकडे होती. ती मग लिलावात गेली आणि १९९४ साली बिल गेट्स यांनी तीन कोटी डॉलरांहून अधिक मोजून घेतली. पाणी अडथळ्याला कसे वळसा घालते, भोवरे कसे उठतात, याचा विचार ज्या वहीत आहे, ती अडीचशे वर्षांहून अधिक काळ त्या कुटुंबाच्या मालकीची होती. आणि आता मी त्या तळ्यात भोवरे उठविणार होतो.

पाणी १९ अंश. बडोद्याच्या मनुष्याला हे पाणी नव्हे, शिक्षा होय. थंड पाण्यात शिरताच छाती आपोआप आकसते आणि श्वास धापा टाकू लागतो. हा देहाचा धर्म आहे, भित्रेपणा नव्हे. मिनिट-दोन मिनिटे शांत तरंगून, श्वास लांब सोडीत राहिले की तो उतरतो. मी डोळे मिटून एक लांब मंद्र षड्ज पाण्यात सोडला. बुडबुडे निघाले. दुसरा सोडला. तिसऱ्याला छाती मोकळी झाली.

पोहण्यात आणि गाण्यात श्वासाची रीत एकच आहे, हे मला लालबागेतच उमगले होते. श्वास घ्यावयाचा झटकन, चोरून; सोडावयाचा सावकाश, अखंड. वडील तानेच्या मध्ये श्वास असा घेत, की समोरच्याला कळू नये. पोहताना मी दर तीन हातांनी श्वास घेतो, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. म्हणजे सहा मात्रांचा सरळ दादराच झाला: पहिल्या मात्रेला, समेवर, उजवीकडचे झाड दिसते, चौथीला, खालीवर, डावीकडचा काठ. धा धी ना, धा ती ना. आजूबाजूला हातपाय आदळत होते, कोणाची टाच माझ्या चष्म्यावर बसली, पण ठेका सुटला नाही. अठ्ठेचाळीस मिनिटांनी मी काठाला लागलो, तेव्हा पाय कापत होते आणि दम शिल्लक होता.

टोपीची जन्मभूमी

या खेळाचे नियम कडक असतात. शिरस्त्राणाचा पट्टा आवळल्याशिवाय सायकलीला हात लावावयाचा नाही. आखलेल्या रेषेपलीकडे गेल्याशिवाय तीवर बसावयाचे नाही. पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवीत जावयाचे नाही, ठरलेले अंतर ठेवावयाचे. आणि माझ्यासारख्याला सर्वांत लागणारा नियम: कानात वाजणारे यंत्र घालून शर्यत करावयाची नाही. साडेसात तास संगीतावाचून! पण गवयाच्या घरी यंत्राची गरज कोणाला?

शिरस्त्राणाचा पट्टा आवळताना मला हसू आले. चार्ली चॅप्लिनच्या डोक्यावरची ती कडक, घुमटाकार बोलर टोपी जन्मली ती या जहागिरीच्या गरजेतून. येथले शिकाररक्षक घोड्यावरून जाताना झाडांच्या खालच्या फांद्या त्यांच्या उंच टोप्या पाडीत. म्हणून घराण्यातील एडवर्ड कोकने १८४९ साली लंडनच्या लॉक कंपनीकडून डोके राखणारी बुटकी, टणक टोपी करवून घेतली. ती पसंत करण्यापूर्वी त्याने तिच्यावर पाय देऊन पाहिला, असे सांगतात. पुढे ती टोपी लंडनच्या पेढ्यांतील साहेबांची झाली. पण मूळची ती नोकराचे डोके वाचविण्याची युक्ती.

नव्वद किलोमीटरांचा रस्ता नॉरफोकच्या अरुंद गल्लीवजा वाटांनी जातो. दोन्ही बाजूंनी झाडोऱ्याची कुंपणे, गारगोटीच्या दगडांची घरे, मध्येच गोल मनोऱ्याचे प्राचीन देऊळ. आरमाराचा सेनापती नेल्सन याचे जन्मगाव बर्नहॅम थॉर्प जवळच आहे. डोंगर नाही, पण समुद्रावरचा वारा आहे, आणि तो नेहमी तोंडावरच येतो. मी पेडलांत त्रिताल धरला होता. तिसाव्या किलोमीटरला खजूर, पन्नासाव्याला शेंगदाण्याची चिक्की, सत्तराव्याला पुन्हा खजूर. बहिणीने चिक्कीचे पुडके सायकलीच्या नळीला चिकटपट्टीने बांधून दिले होते. ओलांडून जाणारा एक साहेब वास घेऊन म्हणाला, "हे काय आहे?" मी म्हटले, "माझे पेट्रोल." पावणेचार तासांनी बागेत परत आलो.

शेवटचा तुकडा

धावण्याचा रस्ता बागेतूनच. त्याच वाटांवरून पुन्हा पुन्हा फेऱ्या. सदाहरित ओकांची दाट छाया, मग उघडा माळ, मग तळे, मग वाडा. पहिले दहा किलोमीटर केहरव्यात गेले. चौदाव्याला उजव्या पोटरीत गोळा आला. मी एका ओकाला टेकून उभा राहिलो. पाय टेकवत नव्हता. सात किलोमीटर उरले होते. तेथे थांबलो असतो तर कोणी हसले नसते. परदेशात कोण ओळखतो?

तेवढ्यात साठी उलटलेले एक गृहस्थ माझ्याशेजारी येऊन थांबले. त्यांनी काही विचारले नाही; माझी टाच धरून पंजा वर रेटला, गोळा सुटेपर्यंत धरून ठेवला, आणि म्हणाले, "आता लहान पावले. घाई नको, थांबणेही नको." आमच्या वडिलांचेच शब्द! विलंबित ख्याल शिकविताना ते हेच म्हणत: रेंगाळू नको, पळू नको, लयीत राहा. गृहस्थ पुढे गेले. त्यांचे नावही मला कळले नाही.

मग मी मोजू लागलो. दर आठ पावलांना एक आवर्तन. श्वास दोन मात्रांत आत, दोन मात्रांत बाहेर. कोरड्या ओठांतून आवाज काढावयाचा नाही, हे डॉक्टरांचे सांगणे होते. म्हणून मनातल्या मनात वडिलांची ती अर्धी राहिलेली ओळ म्हणू लागलो. त्यांचा श्वास जेथे तुटत असे तेथे पोचलो, आणि ओळ पुढे नेली. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पुढे. तो स्तंभ, तो बैल, ती पाभर आणखी एकदा गेली. वाड्यासमोरची कमान आली तेव्हा पळण्याला दोन तास पस्तीस मिनिटे झाली होती; कपडे बदलण्याची चौदा मिनिटे धरून एकूण सात तास बावीस मिनिटे. सम गाठली. पहिल्या आलेल्याने केव्हाच आंघोळ करून जेवण केले असेल, पण तिहाई ज्याची त्याने पुरी करावयाची असते.

उघडलेली फाटके

आता उमरावाविषयीचे उत्तर. गावातल्या एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "काय हो, इतक्या मोठ्या घराण्यावर आपल्या बागेत लोकांना पळवून पैसे मिळविण्याची पाळी यावी?" त्यांच्या स्वरात हळहळ होती. मला हळहळ वाटली नाही. होकमची बाग भिंतींनी वेढलेली आहे, पण तिची फाटके आज उघडी असतात. वाडा पाहावयास लोक येतात, शेती चालू आहे, समुद्रकाठचे पक्ष्यांचे राखीव रान जहागीरच सांभाळते. या सगळ्यांत एक शर्यत. आणि फाटके काही आजच उघडली नाहीत. शेतकरी कोकने शेतकऱ्यांना आत बोलावून दोनशे वर्षे होऊन गेली. वाडा उभा राहिला तो कमानींच्या भक्कमपणावर, आणि टिकला तो लोकांना आत घेतल्यामुळे.

आमच्या दरबारात कोण गवई कोठे बसणार, कोण आधी गाणार, हे ठरलेले असे. त्या बैठकीत तेज होते, यात शंका नाही. पण तेथे जे गायिले जाई, ते ऐकण्याचे भाग्य किती जणांचे? सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायनशाळेचे दार उघडले, तेव्हा काही उस्तादांना विद्या रस्त्यावर आल्यासारखी वाटली असेल. आज दरबार नाही, कारखाना नाही, तनखेही १९७१ साली गेले. उरली आहे ती त्या शाळेतून गावभर पसरलेली विद्या, आणि माझ्यासारखे तिच्यावर पोट भरणारे शिक्षक. बागेचे आणि गाण्याचे गणित निराळे नाही. जे कुंपणात राहिले ते मालकाबरोबर गेले. जे वाटले ते उरले.

गळ्याचे म्हणाल, तर शर्यतीनंतर दोन दिवस आवाज घोगरा होता. तिसऱ्या दिवशी बहिणीच्या दिवाणखान्यात षड्ज लावला, लागला. साखर उंबरठ्यावरून मागे सरली आहे, आणि ती पुन्हा चढू नये म्हणून पावागडचा रस्ता मी सोडलेला नाही. आईचा विरोध मावळला, असे मात्र म्हणता येणार नाही. लालबागेतून परतल्यावर ती अजून कोमट पाण्याचा पेला आणि खडीसाखर पुढे करते.

माझ्या वर्गात मात्र एक नवा नियम झाला आहे. पेटी उघडण्यापूर्वी सर्व विद्यार्थ्यांनी, लहान असोत की निवृत्त मामलेदार असोत, चौकाला तीन फेऱ्या झपाझप मारून यावयाच्या. पालकांपैकी एकदोघांनी विचारले, की फी गाण्याची घेता आणि मुलांना पळविता कसे? मी त्यांना सांगतो, सूर मी शिकवीन. पण तो ओळीच्या शेवटपर्यंत पोचवावयाचा असेल, तर दम त्यांनी आपल्या पायांनी आणला पाहिजे.